उजव्या चाकाचा खुंट

१२ सप्टेंबर, शुक्रवार

करडी, माझी हेराल्ड गाडी, आज धुवायला नेली. बडनेरा रोडच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे सोडून समोर मेथी घ्यायला गेले, तेवढ्यात त्याने पुढच्या दोन्ही चाकांना ग्रीस मारलं. वर म्हणतो, फुकट मारलं बाई, तुमी जुन्या गिऱ्हाईक. स्टिअरिंगला मी पुठ्ठा बांधलेला असतो, ‘पुढच्या चाकांना ग्रीस मारू नये’. तो त्याने पाणी लागू नये म्हणून सोडून नीट फळीवर ठेवला होता.

हेराल्डच्या पुढच्या चाकांना तेल लागतं, ग्रीस नाही. साठीला आलेली गाडी आहे, तिचे नियम तिचे. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, “दर वेळी तं मारतो. साहेबानंच सांगतलं होतं.”

साहेब कोण, ते विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. गेल्या वर्षी मी मुलीच्या, लेखाच्या, बाळंतपणाला पुण्याला होते, तेव्हा हे त्या माणसाला घरी बोलावत आणि गाडी धुऊन, ग्रीस मारून घेत. पुनःपुन्हा. स्वतः हे चालवत नाहीत, कधी शिकलेच नाहीत. डाव्या सीटवर बसून मैलाचे दगड मोठ्याने वाचतात, एवढाच यांचा गाडीशी संबंध. म्हणाले, तू नव्हतीस, गाडीची आबाळ होऊ नये म्हणून.



१४ सप्टेंबर, रविवार

बॉनेट उघडलं. या गाडीचं अख्खं तोंडच पुढे उलटतं, मग चाकावर बसून आरामात काम करता येतं. सदुसष्टाव्या वर्षी, हे असे गुडघे घेऊन, याहून सोयीची गाडी जगात नाही.

पुढची दोन्ही चाकं तपासायला घेतली. चाक ज्याच्यावर वळतं तो पोलादी खुंट. त्याच्या खालच्या टोकाला आटे, ते पितळी वाटीत फिरतात. तिथे पातळ तेल आत झिरपतं. ग्रीस तोंडाशीच बसतं आणि वाळतं. आत आटे कोरडे झिजत राहतात आणि एक दिवस खुंट निखळतो, चाक आडवं होतं.

डावा ठीक. उजवा जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, तर हाताला टकटक लागली. उघडून पाहिलं. आटे सुरीच्या पात्यासारखे झाले आहेत. डाव्याचा खुंट उजव्याला चालत नाही, आटे उलटे असतात.

पण मी वेंधळी नाही. कपाटात उजव्याचा एक चांगला खुंट आहे, लाल फडक्यात, तेल लावून ठेवलेला.

त्याची हकीकत अशी. सात-आठ वर्षांपूर्वी अकोटला एका जिनिंगच्या शेडमध्ये दुसरी हेराल्ड सापडली. हिरवी. कोंबड्या अंडी घालत होत्या तिच्यात. सुट्या भागांसाठी म्हणून घेतली. माझ्या नणंदेने, शकूने, ती मागितली. तहसील कचेरीतून नुकतीच निवृत्त झाली होती, हाताला काम हवं होतं. मी उजवा खुंट, स्टिअरिंगचा एक दांडा आणि दाराची एक काच काढून घेतली, म्हटलं, ने. हाडंच तर राहिली होती. शकूने अकोल्यात ती हाडं उभी केली, बाकीचं कुठून कुठून जमवलं आणि एका भाऊबीजेला ती गाडी चालवत आमच्या दारात आली. मी हॉर्न ऐकून बाहेर गेले. वाटलं, करडी कोणी बाहेर काढली.

तेव्हापासून एका गाडीचे सुटे भाग आणि दोन गाड्या, असा संसार आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एमआयडीसीत इस्माईलभाईंच्या लेथवर गेले. खुंट आहे पण पितळी वाटी नवी हवी. आमची डाळ मिल होती तेव्हापासून आमचं काम तेच करतात. आधी अर्धा तास बढाया, की हे माप मी डोळ्यांनी घेतो. मी व्हर्नियर पुढे केला. दिवाळीच्या आधी देतो म्हणाले.

२१ सप्टेंबर, रविवार

आमच्या जुन्या गाडीवाल्यांची बैठक. वऱ्हाडात आम्ही दहा-बारा मालक आहोत, बायका दोनच, मी आणि शकू. डिसेंबरची फेरी ठरली. अमरावती, परतवाडा, तिथून घाटाने चिखलदरा.

गेल्या वर्षीच्या बैठकीत आमच्यातलेच नानासाहेब म्हणाले होते की या छोट्या डब्या पायथ्याशी फोटो काढतात आणि परत येतात. त्यांची स्वतःची लांबलचक काळी गाडी ट्रेलरवरून येते, कार्यक्रमाच्या जागी उतरते, पुसली जाते. मी तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पुढच्या वर्षी दोन्ही हेराल्ड आपापल्या चाकांवर चिखलदऱ्याला पोचतील. शकू तेव्हा मागून हळूच म्हणाली होती, “वहिनी, मले इचारलं होतं काय?”

विचारलं नव्हतं. आज नानासाहेबांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, शब्द दिलाय, दोन्ही येतील.

२ ऑक्टो., दसरा

करडीला झेंडूची माळ. लिंबू-मिरची नाही, ते मी चालू देत नाही. पाने, जॅक, ऑइल-गन, सगळी हत्यारं घासून पाटावर मांडली. यांनी प्रत्येकाला कुंकू लावलं. ग्रीसचा डबा यांच्या हाताला लागेना. मी फेकला आहे.

९ ऑक्टो., गुरुवार

दुपारी शकूचा फोन. बोरगाव मंजूजवळ पेट्रोल पंपात वळताना हिरवीचं उजवं चाक आडवं झालं. “म्हैस बसते तशी बसली ना, वहिनी.” वेग नव्हता म्हणून वाचली. तिला काही नाही, मडगार्ड वाकलं. गाडी क्रेनवर टांगून घरी आणली. तिची सगळी जठारपेठ बघत होती, त्याचंच तिला जास्त लागलं आहे.

खुंट आट्यांपाशी मोडला आहे. दुरुस्तीच्या पलीकडे.

मी विचारलं, आत काय घालत होतीस?

म्हणाली, “गॅरेजवाला ग्रीसच घालते.”

मी फोन ठेवला. नंतर पुन्हा लावला, लागलं तर नाही ना कुठे, ते विचारायला.

१० ऑक्टो., शुक्रवार

तिने मागितला नाही. माझ्या कपाटात उजवा खुंट आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, मीच तिच्या देखत काढला होता. माझाही झिजला आहे, हेही ठाऊक आहे. काल फोनवर त्यातलं एक अक्षर नाही.

मागितला असता तर सरळ नाही म्हटलं असतं. मी माझ्या गाडीला तेल घालते. ग्रीस घातलं ते माझ्या पाठीमागे. तिने आपल्या डोळ्यांदेखत घालू दिलं. हा फरक आहे.

आणि शब्द? दोन्ही म्हटलं होतं. एक आली तरी नानासाहेब हसतील, एकही नाही आली तरी हसतील.

१३ ऑक्टो., सोमवार

ओळखीत सगळीकडे विचारलं. नागपूर, इंदूर. उजवा खुंट कुठे नाही. इंदूरचा माणूस म्हणाला, असलाच तर आम्हीच ठेवू ना बाई. बरोबर आहे त्याचं.

१८ ऑक्टो., शनिवार

वाटी मिळाली. इस्माईलभाईंनी काम सुरेख केलं आहे, सोन्यासारखी दिसते. खुंटावर फिरवून पाहिली, रेशमासारखी फिरली. फराळ, पाहुणे, साफसफाई चालू आहे. भाऊबीज झाली की बसवते. दोन्ही एकाच फडक्यात बांधून कपाटात.

२३ ऑक्टो., भाऊबीज



शकू एसटीने आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एसटीने. अनारसे आणले होते. पाटाभोवती रांगोळी, हे नवा सदरा घालून बसले. तिने कुंकू लावलं, ओवाळलं. दर वर्षी ओवाळणीत साडी असते, ती मीच आणते, यंदाही आणली होती, आतल्या पलंगावर घडी करून ठेवली होती.

यांनी पाटाखाली हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या ताटात ठेवलं. ताट एका बाजूला कललं, निरांजन घसरलं. शकूने कागद सोडला. आत माझं लाल फडकं. फडक्यात खुंट. आणि नवी वाटी.

मी बासुंदीचं पातेलं घेऊन दारात उभी.

शकूने भावाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. ताटात पडलेली ओवाळणी भावाला परत देता येत नाही, हे तिला ठाऊक, मला ठाऊक, यांना तर फारच चांगलं ठाऊक.

मी म्हटलं, पानं वाढली आहेत, बसा.

जेवताना ती नुसती बासुंदी ढवळत होती. निघताना पिशवी एका खांद्याला जड झाली, म्हणून हे तिला राजापेठच्या स्टॉपपर्यंत सोडायला गेले.

परत आल्यावर विचारलं. माझ्या कपाटात हात घालताना काही वाटलं नाही?

म्हणाले, “तू नवीन बनवून घेशीन. तिले थे जमत नाही.”

२४ ऑक्टो., शुक्रवार

बोलत नाही. स्वयंपाक करते, पान वाढते.

ज्या माणसाच्या ग्रीसने माझा खुंट खाल्ला, त्यानेच माझा दुसरा खुंट वाटून टाकला. आणि म्हणे बनवून घेशील. जणू करंज्याच आहेत त्या.

२६ ऑक्टो., रविवार

शकूचा फोन. “भाऊले काही समजत नाही वहिनी. मी परत पाठवून राहिली. तुमी जा घाटात, मी गाडीतून उतरून टाळ्या वाजवीन.”

गाडीच नाही तर उतरणार कशातून, असं विचारलं. हसली. मग म्हटलं, ओवाळणी परत घेणारं हे घर नाही. ठेव. पण तू ते बसवायचं नाहीस, तुझ्या त्या गॅरेजवाल्याने तर नाहीच. मी येते.

२ नोव्हें., रविवार. अकोला

सकाळच्या एसटीने आले. पिशवीत पाने, ऑइल-गन, नव्वद नंबरचं तेल. कंडक्टरने विचारलं, आजी, काय लोखंड घेऊन चालल्या? होय म्हटलं.

हिरवी पत्र्याच्या शेडमध्ये, एक पाय विटांवर. आजवर मी ही गाडी वरूनच पाहिली होती, आणि रंगाला नावं ठेवली होती. आज प्रथमच खाली गेले.

खालचा सगळा पत्रा शकूने नवा बसवला आहे. रिव्हेट एका ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारखे. प्रत्येक वायरला कापडी पट्टी, पट्टीवर तिच्या कारकुनी अक्षरात नाव. ब्रेकच्या नळ्या स्वतः वाकवलेल्या, एकही ठेचलेली नाही. मला नळी वाकवता येत नाही. माझ्या करडीच्या नळ्या मी नागपूरहून करवून आणल्या आहेत. ही गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही.

पाठीवर पडून बराच वेळ पाहत राहिले. वरून आवाज आला, “सापडली काय काही खोट?”

हॉर्नची वायर लांब आहे, म्हटलं.

“थेच पाहून राहिल्या इतका वेळ?”

मग काम. खुंट बसवण्याआधी व्हर्नियर लावून त्याची सगळी मापं वहीत घेतली. का घेतली, ते तिने विचारलं नाही. बसवला, वाटी चढवली. मग तेल. गन तिच्या हातात दिली. खालून थेंब बाहेर पडेपर्यंत दाबायचं, तेवढंच. तिला पटेना, इतकंसं तेल. तेव्हा आटे कसे फिरतात, तेल कुठून शिरतं, ग्रीस कुठे अडतं, ते जुन्या मोडक्या खुंटावर दाखवलं. ती उकिडवी बसून ऐकत होती.

म्हणाली, “इतके वर्ष नुसतं ‘ग्रीस नाही, ग्रीस नाही’ करून राहिल्या तुमी. काहून नाही, थे आज सांगतलं.”

पुठ्ठ्यावर कारण लिहायला जागा नसते, असं मी म्हटलं.

सं. तिने गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी एका दमात पूर्ण वळवून आणली, रिव्हर्स न घेता. हेराल्डच वळू शकते अशी. ओट्यांवर लोक उभे होते. त्यांना आता क्रेन आठवणार नाही.

मुक्काम इथेच.

५ नोव्हें., बुधवार

ठरवलं. खुंट बनवायचा.

यांना सांगितलं नाही. वर्तमानपत्र वाचत होते, पण मी कागदावर आकृती काढताना पाहत होते. चहा स्वतः करून आणून ठेवला. साखर जास्त होती.

७ नोव्हें., शुक्रवार

इस्माईलभाई नको म्हणाले. लेथवर होणारं काम नाही, घडवावं लागतं, त्याला पोलादही तसं पाहिजे. मी म्हटलं, ट्रॅक्टरचा जुना हाफ-शाफ्ट, मागच्या चाकाचा आस, घ्या. तो वाकत नाही, पीळ सहन करतो. भट्टीवर घडवा, मग लेथवर घ्या, आटे कापा, मग लाल तापवून तेलात विझवा. मापं ही. आकृतीकडे पाहून म्हणाले, “मॅडम, डाळ मिल काहून बंद केली तुमी? हेच कराले पाहिजे होतं.”

मनात म्हटलं, उशीर झालेला नाही.

१५ नोव्हें., शनिवार

पहिला खुंट तयार. दिसायला देखणा. इस्माईलभाई हातावर घेऊन मिरवत होते, शेजारच्या शेडमधली माणसं बोलावली होती.

मिलच्या शाफ्टला करायचे तेच केलं. खुंटाला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वरून खडूची पूड. थोडा वेळ थांबलो. मानेशी पुडीत बारीक ओली रेघ उमटली. तडा आहे.

ते म्हणाले, खडूचीच रेघ आहे. पुन्हा पुसून पुन्हा केलं. त्याच जागी. म्हटलं, कापा. तयार होईनात. करवत मी हातात घेतली, तेव्हा त्यांनीच कापला. तडा आत अर्ध्यापर्यंत गेलेला.

मग त्यांनी सगळ्यांना चहा मागवला आणि तीच गोष्ट शेजाऱ्यांना अशी सांगितली की तडा त्यांनीच पकडला. सांगू दिली.

२१ नोव्हें., शुक्रवार

नानासाहेबांचा फोन. ऐकलं त्यांनी. फार मऊ आवाजात म्हणाले, बाई, लोकल बनवलेल्या पार्टवर घाटात जाऊ नका, माझ्या ट्रेलरवर जागा आहे, करडीला वरपर्यंत नेतो, कोणाला सांगणारही नाही.

आभार मानले. म्हटलं, ट्रेलरवर तुमचीच गाडी बसू द्या, तिला सवय आहे.

फोन ठेवल्यावर हे पेपरच्या आड हसले. महिनाभरात पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग लगेच त्याचा राग आला.

तरी नानासाहेब म्हणाले ते अगदीच खोटं नाही. कारखान्यातून आलेल्या खुंटामागे हजारो गाड्यांचा अनुभव असतो. माझ्यामागे व्हर्नियर आणि खडू.

२८ नोव्हें., शुक्रवार

दुसरा खुंट. रॉकेल, खडू. काही नाही. तीनदा केलं. स्वच्छ.

नवी वाटी आधीच करून ठेवली होती. फिरवून पाहिली. पहिल्या वाटीइतकी रेशमी नाही, जरा जड फिरते. नवं आहे, बसेल.

वऱ्हाडात घडलेला हेराल्डचा हा पहिला खुंट असावा. दुसरा कोणी केला असेल तर समोर यावं.

३० नोव्हें., रविवार

बसवला. तेल थेंब पडेपर्यंत. बंद मिलच्या आवारात हळू फेऱ्या, डावीकडे, उजवीकडे, पूर्ण वळून. परत येऊन जॅकवर घेतली, चाक हलवलं. काही लागलं नाही.

यांनी विचारलं, मी बसू काय?

अजून नाही, म्हटलं. माझ्याच गाडीत यांना बसू नका म्हणायची वेळ कधी आली नव्हती. हे गेटपाशी उभे राहिले, प्रत्येक फेरीला हात वर करत.

७ डिसें., रविवार

कौंडण्यपूरला जाऊन आलो. आज यांना घेतलं. रस्ता वळणाचा, शेवटी खडबडीत, तेच हवं होतं. यांनी मैलाचे दगड वाचले. तिवसा येईपर्यंत दोनदा चुकीचे, चष्म्याचा नंबर वाढला आहे. नदीवर बसून डबा खाल्ला, वांग्याचं भरीत आणि भाकरी. करडी झाडाखाली उभी होती. दर्शनाला आलेले लोक तिच्याभोवती. एक म्हातारे म्हणाले, अशी आमच्या डॉक्टरची होती, कोण चालवते? यांनी माझ्याकडे बोट केलं, अगदी मान ताठ करून.

तिथेच जॅक लावून तपासली. काही नाही.

यांच्याशी बोलते आहे. केव्हापासून, ते कळलं नाही.

१३ डिसें., शनिवार

शकूशी फोन. हिरवीला तेल देते आहे, दर आठवड्याला. आता मलाच शिकवते, “थेंब पडेपर्यंत बरं का वहिनी.” घाटात गिअर कोणता, इंजिन तापलं तर काय, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, तुमचा खुंट कसा आहे? चांगला आहे म्हटलं. “नाही, खरं सांगा.”

चांगला आहे. आजवर. घाट अजून पाहिलेला नाही त्याने.

तर म्हणाली, मग मी तुमच्या मागे राहीन, मला तुमचं उजवं चाक दिसलं पाहिजे.

२० डिसें., शनिवार

शकू आली, हिरवी चालवत, अकोल्याहून थेट. गल्लीत दोन्ही हेराल्ड समोरासमोर उभ्या केल्या. कॉलनीतली पोरं, बाया, सगळे फोटो काढत होते. हिरवीचा रंग उन्हात वाईट नाही दिसत.

हे बाहेर आले ते सरळ हिरवीच्या उजव्या चाकाशी जाऊन वाकले. शकू म्हणाली, “भाऊ, साडी देली असती तं आतापर्यंत ठेवणीत गेली असती.”

दोन्ही गाड्यांचं पाणी, तेल, पंखा-पट्टा, ब्रेक. संध्याकाळपर्यंत दोघीही चाकांवर बसून होतो. जेवायला हाक यांनीच मारली, खिचडीही यांनीच टाकली होती.

२१ डिसें., रविवार. धामणगाव गढी

गाडीच्या बॉनेटवर टेकून लिहिते आहे.

पहाटे थंडी कडक. दोन्ही चोक ओढताच सुरू झाल्या. वलगावच्या पुढे धुकं, आसेगावला पूर्णेच्या पुलावर समोरचं काही दिसेना. आरशात हिरवीचे दोन दिवे सतत. एकदाही मागे पडली नाही. परतवाड्याला सगळ्यांचा चहा झाला. नानासाहेबांची काळी तिथे ट्रेलरवरून उतरली. त्यांनी दोन्ही हेराल्डभोवती फेरी मारली, म्हणाले, पोचलात म्हणजे. म्हटलं, अजून नाही.

इथून पुढे घाट सुरू. बाकीचे गेले. मी थांबले, घाटाच्या आधी तपासायचं हे ठरलेलंच होतं. जॅक लावला, उजवं चाक वर-खाली धरून हलवलं.

काहीतरी लागलं.

टकटक नाही. सप्टेंबरात लागली होती तशी नाही. किंचित. पुन्हा हलवलं, तेव्हा नाही. तिसऱ्यांदा पुन्हा जरासं. माझं मनगट सकाळपासून दुखतं आहे, बोटं थंडीने बधिर आहेत. खुंटाचं आहे की माझ्या हाताचं, ठरत नाही. असं मला आजवर कधी झालं नाही. माझ्या हातावर माझा विश्वास असतो.

यांना म्हटलं, तुम्ही हिरवीत बसा. हे मागच्या चाकाला दगड लावून तिथेच उभे राहिले. दगड आधीच लावलेला होता. यांनी दुसरा लावला.

शकू जवळ आली. म्हणाली, माझ्या गाडीत चला वहिनी, एक तरी वर जाईल. मग जरा थांबून, “नाहीतर हिरवीचा काढून करडीत घालू. तुमचाच आहे थो.”

ओवाळणी आहे ती, म्हटलं.

मग मी तिला सांगितलं, तू पाहा. तुझा हात लाव. लागलं तर करडी इथेच राहील आणि मी हिरवीत डाव्या सीटवर बसेन. नाही लागलं तर जाईन. तू म्हणशील ते.

ती घाबरली. “माया हातावर काहून? मी तं ग्रीस घालणारी.”

नळ्या तू वाकवल्या आहेत, म्हटलं. मला येत नाहीत.

हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे पाहत राहिली. मग गेली, बाटलीतलं पाणी हातांवर ओतून घेतलं, पदराला पुसले, तळवे एकमेकांवर घासून ऊब आणली. आता चाकाशी बसली आहे, एक हात वर, एक खाली. डोळे मिटले आहेत. दोनदा हलवलं. थांबली. वरचा हात थोडा सरकवून पुन्हा धरला.

मी काही विचारत नाही.